चिखलातली वाट

हिवाळा म्हटला की कोरडी, झोंबरी थंडी आणि धुक्यात बुडालेली पहाट डोळ्यांसमोर उभी राहते. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवरचा हिवाळा मात्र पावसाचा असतो. तेथील मूळ रहिवाशांनी वर्षाचे दोनच ऋतू मानले : कोरडा ‘काऊ’ आणि ओला ‘होओइलो’. नोव्हेंबर ते एप्रिल हे दिवस ओल्या ऋतूचे. याच दिवसांत काउआई बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरील कलालाऊची पायवाट चालणाऱ्याची खरी परीक्षा घेते.

ही वाट सुमारे 18 किलोमीटरची. एका हाताला हिरवे, उभे कडे. दुसऱ्या हाताला खोल खाली गर्जणारा समुद्र. हे कडे सुमारे 50 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडले. आपला सह्याद्रीही लाव्हारसाच्याच थरांचा. त्यामुळे येथील तांबडी माती कोकणातल्या माणसाला ओळखीची वाटावी. पावसात ती लोण्यासारखी निसरडी होते. नवखा वाटसरू चिखल टाळण्यासाठी काठाकाठाने चालतो. त्याच्या पावलांनी काठ ढासळतो, झाडांची मुळे उघडी पडतात आणि कड्याकडचा पाय घसरण्याचे भयही वाढते. जाणता वाटसरू सरळ चिखलातून जातो. त्याचे बूट माखतात, पण वाट शाबूत राहते.

वळणावर दम घेण्यासाठी थांबावे, तर समोर अथांग पाणी पसरलेले असते. क्वचित दूरवर एखादा पांढरा फवारा उसळतो. थंडीत अलास्काच्या समुद्रातून हजारो किलोमीटर पोहत आलेला तो देवमासा असतो. पिलांना जन्म देण्यासाठी देवमासे या उबदार पाण्यात येतात. उत्तरेकडील वादळांमुळे याच काळात प्रचंड लाटा किनाऱ्यावर आदळतात. हनाकापिआईची पुळण तर त्या वाहूनच नेतात. मागे उरतात नुसते गोटे. उन्हाळ्यात तीच वाळू पुन्हा परतते.

असा समुद्र खवळला की पूर्वी होड्या चालत नसत. मग एका दरीतून दुसरीत जाण्यास पायवाटेचाच आधार असे. या दऱ्यांत शतकानुशतके माणसे राहत होती. ओढ्याचे पाणी दगडी बांधांनी अडवून त्यांनी खाचरे केली आणि त्यांत ‘कालो’ पिकवला. कालो म्हणजे आपला अळूच! आपण त्याच्या पानांचे फदफदे करतो. ते त्याचा कंद शिजवून कुटतात. ते बांध आजही झाडीत दिसतात.

पिकांना जगवणारे हेच ओढे पावसात रौद्र होतात. वाटेवर तीन-साडेतीन किलोमीटरनंतर हनाकापिआईचा ओढा आडवा येतो. त्यावर पूल नाही. वर डोंगरात सर कोसळली, की खाली ऊन असतानाही पाणी पाहता पाहता चढते. उतावीळपणे पाण्यात उतरलेल्यांपैकी काहींना प्राण गमवावे लागले आहेत. एप्रिल 2014 मध्ये पुरामुळे शंभराहून अधिक पदयात्री पलीकडे अडकले. त्यांना रात्र तेथेच काढावी लागली. नंतर हेलिकॉप्टरने त्यांची सुटका झाली. एका रात्रीची गैरसोय झाली, पण जीव वाचले. चढलेले पाणी बहुधा काही तासांत उतरते. तेवढा वेळ काठावर बसून राहणे, हेच या वाटेवरचे सर्वांत मोठे धैर्य होय.

एप्रिल 2018 मध्ये या भागात 24 तासांत सुमारे 1,262 मिलिमीटर पाऊस कोसळला. दरडींनी रस्ता बुजला आणि वर्षभराहून अधिक काळ वाट बंद राहिली. जून 2019 मध्ये ती पुन्हा खुली झाली, तेव्हा वाटेच्या तोंडाशी असलेल्या हाएना उद्यानात रोज 900 पाहुण्यांनाच प्रवेश देण्याचे ठरले. माणसांच्या गर्दीपासून वाटेलाही जपावे लागते, हे आता उमगले होते.

म्हणून कलालाऊला पोहोचलेला वाटसरू जितका कौतुकास पात्र, तितकाच भरलेला ओढा पाहून माघारी फिरलेलाही. चिखलाने माखलेल्या पावलांनी तो परततो, तेव्हा समुद्र त्याच्या सोबतीला असतोच.