बोजाऱ्याची टोपली

मुलांनो, तान्ह्या पोळ्याला तुम्ही नंदी घेऊन घरोघरी जाता. कोणी चार आणे-आठ आणे देण्याचे दिवस आता गेले. आता कोणी पाच-दहा रुपये देतं, कोणी चॉकलेट, कोणी बिस्किटाचा पुडा. हा बोजारा ठेवायला हातात काय असतं? प्लॅस्टिकची पिशवी. पोळा झाला की त्याच पिशव्या नालीत दिसतात. म्हणून या वेळी मी ठरवलं की कार्यानुभवाच्या तासाला चौथीच्या मुलांकडून विणलेली कागदी टोपली करून घ्यायची. त्या टोपलीची ही हकीकत आहे. तीत एक चूक माझी आहे, ती आधीच सांगून ठेवते.

तान्हा पोळा हा आपल्या विदर्भाचा खास सण आहे. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी तो १८०६ साली नागपुरात सुरू केला असं मानतात. आपल्या जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर दूरदूरची माणसं पाहायला येतात. मोठ्यांचे बैल पोळ्याला, अन् लेकरांचे लाकडी बैल दुसऱ्या दिवशी. अशा सणाला टोपलीही लेकराच्या हातची असावी, एवढंच माझ्या मनात होतं.

सोमवारी मी फळ्यावर लिहिलं : "घोटीव कागद – लाल २, पिवळे २. कात्री. डिंक." मंगळवारी बहुतेक मुलांनी सामान आणलं. एक मुलगी आली नाही. बुधवारीही आली नाही. मी हजेरीत खूण केली आणि पुढे गेले.

इकडे टोपलीही काही जमेना. बारा पट्ट्यांची चटई विणून झाली. सहा उभ्या, सहा आडव्या, एक वर एक खाली. कडा वर वळवल्या अन् बाजू विणायला लांब पट्टी गोल फिरवायला घेतली, तर दुसऱ्या फेरीपासून सगळं ढिलं पडू लागलं. घोटीव कागद पातळ, म्हणून असेल, असं मला वाटलं. मुलं म्हणाली, "बाई, फसली." मीही म्हटलं, "हो रे, फसली."

बुधवारी शाळा सुटल्यावर ती फसलेली टोपली पिशवीत टाकून मी त्या मुलीच्या घरी गेले. ती ओसरीवर बसली होती. ताप नाही, खोकला नाही. मी विचारलं, "काहून गं आली नाहीस?" तिनं मान खाली घातली. आजीनं उत्तर दिलं, "रंगीत कागद आणाले पैसे नोते, बाई. निंदणाचे पैसे शनवारी भेटतात. पोरगी म्हणे, खाली हातानं मी नाई जात."

मला काही बोलता येईना. चार कागदांची किंमत ती काय! पण ती मी माझ्या पाकिटातून मोजली होती. त्यांच्या घरातून मोजली नव्हती. माझ्या फळ्यावरच्या एका ओळीनं एक मूल दोन दिवस घरी बसलं.

काय बोलावं सुचेना म्हणून मी पिशवीतली टोपली काढून दाखवली. आजीनं उमेदीच्या काळात बांबूच्या टोपल्या विणलेल्या. तिनं ती हातात घेतली, बोटानं कडेच्या पट्ट्या चाचपत मोजल्या आणि हसली.

"चोवीस हाय. बेकी. बेकीवर गोल विण बसत नाई, बाई. एकी पाह्यजे."

मग तिनं कडेची एक पट्टी मधोमध उभी फाडली. चोवीसाच्या पंचवीस झाल्या. पट्टी फिरवली, आणि विण बसली!

मुलांनो, यात गणित आहे, ते नीट पाहा. पट्टी एक वर, एक खाली अशी जाते. काड्या चोवीस असल्या, तर एक फेरी झाल्यावर पट्टी जिच्यावरून पहिल्यांदा गेली, तिच्यावरूनच पुन्हा जाते. वरची वरच राहते, खालची खालीच. पकड येतच नाही. काड्या पंचवीस असल्या, की दुसऱ्या फेरीत आपोआप उलटं होतं. सम आणि विषम मी तुम्हाला फळ्यावर किती वेळा शिकवलं! पण टोपलीत ते मला दिसलं नव्हतं. आजीला दिसलं.

गुरुवारी मी फळा पुसला आणि लिहिलं : "जुना पेपर, घरचा. पेपर नसेल तर शाळेत आहे." ती मुलगी आली. सगळ्यांना एकी-बेकी तिनंच शिकवली.

कृती अशी. वर्तमानपत्राच्या जोडपानाच्या बारा सेंटीमीटर रुंद पाच पट्ट्या कापा. अशी चार जोडपानं घ्या, म्हणजे वीस पट्ट्या होतात. प्रत्येक पट्टी आतून कणकेची खळ लावून दोनदा दुमडा. तीन सेंटीमीटरची चौपदरी पट्टी होते. ती घोटीव कागदापेक्षा कितीतरी दणकट. बारा पट्ट्यांची चटई करा, कडा वर वळवा, एक टोक फाडून पंचवीस करा. सहा पट्ट्या जोडून एक लांब पट्टी करा आणि चार फेऱ्या विणा. उरलेली टोकं आत दुमडा. राहिलेल्या दोन एकावर एक चिकटवून मूठ करा.

जर्मनीत फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी शाळा काढली. त्यांच्या शिक्षणपद्धतीत कागदाच्या पट्ट्या विणणं हा एक उद्योग होता. बरोबर शंभर वर्षांनी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, आपल्या वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण द्यावं, आणि ते काम मुलांच्या भोवतालातलं असावं, असा विचार तिथं मांडला गेला. त्यालाच आपण नई तालीम म्हणतो. डी.एड.ला मी हे पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. भोवताल म्हणजे त्या मुलीची ओसरी, हे मात्र मला परवा कळलं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सरी आली. दोन टोपल्या भिजून बसल्या. त्यातली एक माझी. बाकीच्या टिकल्या. त्या मुलीच्या टोपलीत बोजारा काठापर्यंत होता. घरी जाताना तिनं एक बिस्किट माझ्या हातावर ठेवलं.

आता एक काम तुमच्याकडे. तुमच्या घरी कोणाच्या हाताला काय येतं, ते विचारा. दोर वळता येतो? सूप विणता येतं? गोधडी शिवता येते? अर्ध्या पानावर लिहून आणा. पुढच्या वेळी याच भिंतीवर लावू. कागद शाळेचा.

– तुमच्या बाई