राखेचा हिशेब

रातपाळीला रिंग खात्यात उभा असतो. चात्या एका सुरात फिरत असतात. मधेच लाइट जाते आणि सगळं एकदम गप्प होतं. त्या दोन मिनिटांच्या अंधारात कळतं, आपली भाकर या विजेवरच भाजते.

मित्रांनो, असलीच वीज माझ्या गावाशेजारी तयार होते. विदर्भातल्या कोळशाच्या पट्ट्यात आमचा बौद्धवाडा, पलीकडं वीज केंद्राची धुराडी. शाळा आठवीत सुटली, पण पुस्तकं सुटली नाहीत. बाबासाहेब वाचले ते याच विजेच्या बल्बखाली. मग ती वाईट कशी म्हणू? 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे सदस्य होते. विजेचं धोरणही त्यांच्याकडंच होतं. स्वस्त आणि भरपूर वीज पाहिजे, त्याशिवाय कारखानदारी नाही अन् गरिबीतून सुटका नाही, असं ते मांडत होते.

पण हिशेब पुरता मांडू. कोळसा दळून पीठ करतात, भट्टीत जाळतात. पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते. उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो, बाकीची वाया. आपल्या कोळशात राख फार. शंभर किलो जाळला की तीस-चाळीस किलो राख उरते. एका युनिटमागं साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड आभाळात जातो. त्यानं ऊन वाढतं, अन् उन्हात आधी होरपळतो तो रोजंदारीवाला.

राख पाण्यात कालवून पाइपानं बंधाऱ्यात सोडतात. उन्हाळ्यात बंधारा सुकतो, वारा सुटतो. माय ओरडते, "बाबू, वाळवण आत घे, राख आली!" बा त्याच बंधाऱ्यावर कंत्राटदाराकडं होता, तोंडाला फडकं बांधून. आता उंबरा चढताना त्याला दम लागतो. डॉक्टरनं विचारलं, "बिडी पिता का?" बा म्हणाला, "नाही जी. राख खाल्ली."

राखेच्या विटा होतात, सिमेंटात ती चालते. ती वापरायचा सरकारी हुकूम 1999 सालचा. आमच्या पत्र्यावर राख अजून पडतेच.

मी बाला विचारलं, केंद्र बंद व्हावं का? तो म्हणाला, "बंद कायले? तुही गिरणी कशी चालंन? लाइट साऱ्यायले, तं राख आमालेच काऊन?"

उद्या सूर्याची वीज येईल. तेव्हा जमीन कोणाची जाणार, कायम नोकरी कोणाला मिळणार, हे आत्ताच विचारलं पाहिजे. मागच्या वेळी आमच्या वाड्यानं विचारलं नव्हतं. मोर्चाला जाताना ही वही सोबत घ्या.

जय भीम.