बॉनेट उघडून पाहावं

सोसायटीच्या आवारात पहाटे बादली आणि फडकं घेऊन येणारा माणूस गाडीच्या काचा पुसतो, टप पुसतो, चाकांवर पाणी मारतो. बॉनेटवरूनही फडकं फिरतं, पण बॉनेट उघडलं जात नाही. त्याखाली वर्षभर साचणारी धूळ, तेलाचा चिकट थर आणि पाचोळा हा सर्व्हिस सेंटरवाल्यांचा विषय, अशी समजूत आता पक्की झाली आहे. ती मला मान्य नाही. इंजिनची जागा मालकाने स्वतः, घरच्या घरी, ब्रशने आणि ओलसर फडक्याने साफ करावी असं माझं म्हणणं आहे, आणि ते चकाकीसाठी नाही. आपल्या गाडीची प्रकृती स्वतःच्या डोळ्यांनी जोखण्याच्या ज्या थोड्या संधी मालकाच्या हातात उरल्या आहेत, त्यांतली ही सगळ्यात मोठी आहे.

पूर्वी असं मुद्दाम सांगावं लागत नव्हतं. आज साठीत असलेल्या पिढीने एकाच आयुष्यात ही जागा तीनदा तरी बदललेली पाहिली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट उघडलं की कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, फॅन बेल्ट सगळं समोर दिसायचं. पॉइंट घासणं, प्लग काढून साफ करणं ही कामं अनेक घरांतून होत. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली की गाडी बंद पडे, आणि टोपी काढून कोरडी पुसली की पुन्हा सुरू होई. गाडी चालवणाऱ्याला बॉनेट उघडणं टाळताच येत नव्हतं. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, ७९६ सीसीचं छोटं इंजिन आडवं बसलं आणि हात घालायला जागा कमी झाली. २००० सालाच्या आसपास कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. १ एप्रिल २०२०पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, तेव्हा सेन्सर आणि वायरींची गर्दी आणखी वाढली. त्या सगळ्यावर अनेक गाड्यांत काळं प्लास्टिकचं झाकण. यात झालेली सुधारणा खरी आहे. गाड्या पूर्वीसारख्या वाटेत बंद पडत नाहीत, धूरही कमी सोडतात. फक्त मालकाला बॉनेट उघडायचं निमित्त राहिलं नाही, आणि जी जागा कोणी उघडत नाही, तिथला बिघाड वाढून वाटेत आडवा येईपर्यंत कळत नाही.

सफाई करताना नेमकं काय कळतं? तेलाचंच घ्या. टॅपेट कव्हरचं गॅस्केट जुनं झालं की तेल पाझरायला लागतं. ते खाली ओघळतं, पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरतं, त्यावर धूळ बसते आणि इंजिनच्या अर्ध्या अंगावर काळा थर चढतो. अशा इंजिनकडे पाहून गळती कुठून आहे हे चांगला मेकॅनिकही लगेच सांगू शकत नाही, कारण जिथे घाण जास्त तिथेच उगम असतो असं नाही. थर पुसून काढा, काही दिवस गाडी चालवा आणि पुन्हा पाहा. स्वच्छ धातूवर तेलाची एक ताजी रेघ दिसेल. तिचं सगळ्यात वरचं टोक हा उगम. कूलंटचंही तसंच. होसच्या क्लिपपाशी पांढरट किंवा कूलंटच्याच रंगाची वाळलेली खपली असेल, तर तिथून ते थेंब थेंब जातं आहे. ज्याच्या हातून भांडं घासलं जातं, त्यालाच भांड्याला गेलेली चीर आधी सापडते. इंजिनचंही याहून वेगळं नाही.

काचेच्या खाली, वायपरच्या पट्टीलगत एक पन्हळ असते. गुलमोहराखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या झाडाची बारीक पानं नेमकी तिथे जाऊन बसतात. पाण्याची भोकं बुजतात, पावसाचं पाणी तुंबतं आणि एसीच्या वाटेने आत उतरतं. पायाखालचं कार्पेट ओलं झालं की लोक दाराच्या रबराला दोष देतात आणि तेच बदलून घेतात. मूठभर पाचोळा वेळेत काढला असता तर हा खर्च टळला असता. उंदरांच्या लेंड्या, कुरतडलेला फोम, वायरवर दातांच्या खुणा याही अशाच हाताने साफ करताना दिसतात. पावसाळ्यात उंदराला उबदार आणि कोरडी जागा हवी असते, आणि नुकतीच येऊन थांबलेली गाडी ती पुरवते.

यावर सगळ्यात गंभीर आक्षेप आहे तो पाण्याचा. इंजिनच्या भागात पाणी मारू नका, असा इशारा अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत असतो आणि तो रास्त आहे. पावसाचं पाणी जातंच की तिथे, हे त्याला उत्तर होऊ शकत नाही. कनेक्टरची सीलं उडणाऱ्या शिंतोड्यांसाठी केलेली असतात. प्रेशर पंपाचा फवारा पाणी त्या सीलांच्या आत ढकलतो. प्लगच्या खळग्यात पाणी साचलं की इंजिन मिसफायर करतं, आणि रेडिएटरच्या पातळ पात्या जोराच्या धारेने वाकतात. पण हा आक्षेप फवाऱ्यावर आहे, सफाईवर नाही. इंजिन पूर्ण गार होऊ द्यावं. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढावं. आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ झाडावी. निम्म्याहून अधिक घाण इथेच जाते. मग पाण्यात पातळ केलेला डिग्रीझर फडक्यावर घेऊन पुसावं, थेट इंजिनवर शिंपडू नये. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि हवेच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधावी. टर्मिनलवर जमलेला पांढरा-हिरवा थर खायच्या सोड्याच्या पाण्याने निघतो, नंतर तिथे व्हॅसलिनचा हात फिरवावा. सगळ्याला तांब्याभर पाणी पुरतं, त्यामुळे टँकरवर जगणाऱ्या गावातही हे काम करता येईल. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या जाड केबली दिसतील. त्यांत जीवघेणा दाब असतो, त्यांना हात लावू नये. रॉकेल किंवा डिझेल मारून इंजिन काळंभोर चमकवण्याची जुनी पद्धत मात्र कायमची सोडलेली बरी. रबर त्याने फुगतं, धूळ दुप्पट वेगाने चिकटते आणि तापलेल्या एक्झॉस्टजवळ ते धोक्याचं ठरतं.

दुसरा आक्षेप असा की मळलेलं इंजिनही उत्तम चालतं. खरं आहे, धुळीने इंजिनची ताकद कमी होत नाही, आणि साफ केल्याने ॲव्हरेज वाढेल असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. सफाईचा फायदा इंजिनला थोडा आणि मालकाला जास्त होतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. त्याला आपल्या गाडीची नेहमीची अवस्था माहीत होते, म्हणून बदललेलं काही पटकन नजरेत भरतं. इथेच आणखी एक शंका निघते: जुन्या गाड्यांच्या बाजारात इंजिन धुऊन, वर चमक आणणारं द्रव्य फासून गळती लपवली जाते, मग स्वच्छ इंजिनवर भरवसा कसा ठेवायचा? ठेवू नये. विकायच्या आदल्या दिवशी केलेली सफाई पुरावा पुसते. वर्षातून दोनदा, मेअखेरीस आणि पाऊस ओसरल्यावर, मालकाने केलेली सफाई पुरावा गोळा करते. गाडी घेताना इंजिन आरशासारखं चमकत असेल, तर आठवडाभर चालवून पुन्हा दाखवा म्हणावं.

प्लास्टिकचं झाकण आहे म्हणून पाहण्यासारखं काही उरलेलं नाही, असंही म्हणतात. बऱ्याच गाड्यांत ते झाकण हाताने वर ओढलं की निघतं, आणि सगळ्यात जास्त पाहण्यासारखं त्याच्याच खाली असतं. पहिल्यांदा करणाऱ्याची सुट्टीची एक सकाळ जाईल, पुढच्या खेपेला वेळ कमी लागेल. काम झाल्यावर राहिलेलं फडकं आत नाही ना हे पाहावं, टर्मिनल घट्ट बसवावं आणि बॉनेट उघडं ठेवून इंजिन थोडा वेळ चालू द्यावं, म्हणजे उरलीसुरली ओल निघून जाईल. आणि यापुढे गाडी वॉशिंग सेंटरवर द्याल तेव्हा बॉनेट उघडून फवारा मारू नका, असं तिथल्या मुलांना आधीच सांगून ठेवा.