पाहायचे पाणी

पूल बांधावा तो नदीवर, तळ्यावर नव्हे, अशी आम्हां मोताळ्याच्या माणसांची साधी समजूत. नळगंगेच्या धरणाला आम्ही आपले काठाकाठाने वळसे घालतो.

हैदराबादेत मात्र दुर्गम चेरुवू या जलाशयावर शहरी रस्त्याचा पूल आहे. २५ सप्टेंबर २०२० रोजी तो खुला झाला. मधला गाळा सुमारे २३४ मीटरांचा, तारांनी तोललेला. ज्युबिली हिल्सहून माधापूरला जाणाऱ्यांचा मोठा फेरा त्याने वाचवला. माझी धाकटी बहीण रोज त्यावरूनच कचेरीत जाते.

तिच्याकडे गेलो तेव्हा माय बरोबर होती. संध्याकाळी आम्ही पुलावरून पायी निघालो. शेजारून मोटारींची रांग वाहत होती, पोरे फोटो काढीत होती. माय कठड्याशी थांबली.

"एवढं पाणी हाय, बाई, पण पेते कोन?"

"माय, हे पाहाचं पाणी हाय," बहीण म्हणाली.

कुतुबशाहीत गोवळकोंड्याच्या किल्ल्याची तहान हेच तळे भागवी. पुढे शहर चहूकडून वाढले, त्याचे सांडपाणी तळ्यात उतरले. त्यात पुलाचा काय दोष? त्याच्यामुळेच तर बहीण दिवेलागणीच्या आत लेकराजवळ पोचते. पण मायचा जन्म हंडे वाहण्यात गेला; ओंजळीत घेता येत नाही त्या पाण्याला पाणी म्हणायला ती तयार नव्हती.

वैनगंगेचे पाणी नळगंगेपर्यंत आणण्याची योजना आहे. ते यावे. पुढेमागे आमच्या जलाशयावरही असा पूल झाला तर मला आनंदच होईल. फक्त त्याच्याखालचे पाणी तेव्हाही पिता यावे.