सात नंबरचा किनारा

अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर समुद्रकिनाऱ्यांना क्रमांक आहेत. गोविंदनगरचा तीन नंबर, विजयनगरचा पाच, आणि पश्चिमेला, दाट अरण्याच्या पलीकडे, राधानगरचा सात. रिक्षावाला 'कुठे जायचे?' असे विचारत नाही; 'सात नंबर?' एवढेच विचारतो. २००४ साली 'टाइम' साप्ताहिकाने या सात नंबरला आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवले, आणि तेव्हापासून मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांच्या पत्रकांत त्याची छायाचित्रे झळकू लागली. आम्ही आदल्याच दिवशी सेल्युलर जेल पाहून आलो होतो. त्यामुळे हे क्रमांक कानांवर पडले की किनारे न आठवता कोठड्या आठवत. हा दोष अर्थात आमचा. रिक्षावाल्याच्या मनात तसे काहीही नव्हते.

आम्ही म्हणजे दोघे. दोघेही मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाला पोहता येते, दुसऱ्याला नाही. कोणाला येते आणि कोणाला नाही, हे या लेखापुरते गुलदस्त्यात राहू द्यावे. त्याचे कारण पुढे येईल.

२०२५च्या जानेवारीत आम्ही गेलो ते खरे तर पाण्यात डोके घालण्यासाठी. इतकी वर्षे वर्गात 'काळे पाणी' हा शब्द उच्चारला, समुद्रोल्लंघनाचा निषेध, जातिबहिष्कृती, आणि त्या भीतीचा इंग्रजांनी शिक्षेसाठी करून घेतलेला उपयोग हे सारे फळ्यावर मांडले. पण ते पाणी प्रत्यक्षात कोणत्या रंगाचे आहे, हे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले असते तर आम्हांला सांगता आले नसते. (कोणी विचारले नाही, ही निराळी गोष्ट.) ते पाणी काळे नाही. किनाऱ्यालगत ते जवळजवळ रंगहीन आहे, पुढे कच्च्या कैरीच्या सालीसारखे हिरवे, आणि जिथे तळ एकाएकी खाली जातो तिथे मोरपंखी. काळे ते रात्री होते, आणि तिथे रात्र लवकर होते. बेटे त्र्याण्णव अंश पूर्व रेखांशाच्या आसपास असूनही घड्याळ आपलेच चालते, त्यामुळे जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास सूर्य बुडतो. चहाच्या वेळेला अंधार पडणे ही बाब आमच्या पचनी शेवटपर्यंत पडली नाही.

सेल्युलर जेलविषयी येथे विस्ताराने लिहीत नाही; मराठी वाचकाला ते 'माझी जन्मठेप'मधून, न पाहताही, पुष्कळसे ठाऊक असते. एक प्रसंग मात्र नोंदवतो. आवारात एका मराठी गटाने सावरकरांची समुद्राला उद्देशून लिहिलेली ती प्रसिद्ध कविता सुरात म्हटली. बऱ्याच जणांचे डोळे पाणावले. ती कविता अंदमानातली नव्हे, १९०९ सालच्या ब्रायटनच्या किनाऱ्यावरची. सावरकर अंदमानात आले ते १९११ साली. दुरुस्ती सांगण्यासाठी आमची जीभ शिवशिवली, आणि मग आम्ही गप्प राहिलो. आपल्या भाषेने एक समुद्र उचलून दुसऱ्या समुद्राच्या जागी ठेवला असेल, तर सुटीवर आलेल्या शिक्षकांनी त्यात लुडबुड का करावी?

नावांची गंमत मात्र तिथे पदोपदी आहे. हेन्री हॅवलॉक आणि जेम्स नील हे १८५७चा उठाव मोडून काढणारे इंग्रज सेनानी. त्या उठावातले बंदी १८५८पासून या बेटांवर आणले गेले, आणि शेजारच्या बेटांना नावे मिळाली ती या दोघांची. १९४३ साली सुभाषचंद्र बोसांनी अंदमानला 'शहीद' आणि निकोबारला 'स्वराज' अशी नावे दिली. ती २०१८च्या डिसेंबरात पुन्हा काढली गेली आणि दोन छोट्या बेटांवर बसवली गेली. हॅवलॉक आता स्वराज द्वीप, नील आता शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअर हे नाव मुंबईच्या आरमारातल्या आर्चिबाल्ड ब्लेअर या अधिकाऱ्याचे. तेही २०२४ साली जाऊन श्रीविजयपुरम झाले. तिकिटावर नवी नावे आहेत. बोटीवरच्या माणसांच्या तोंडी जुनीच. आमच्या यजमानांना विचारले तेव्हा ते म्हणाले, ''दादा, हमारे लिए तो पाँच नंबर ही घर है।''

हे यजमान मूळचे पूर्व बंगालचे. म्हणजे त्यांचे वडील. फाळणीनंतर विस्थापित झालेल्या बंगाली कुटुंबांना पन्नासच्या दशकात या बेटावर आणून वसवले गेले. जंगल तोडायचे, भात लावायचा, सुपारी आणि नारळ लावायचे. आता त्याच सुपारीच्या बागेत त्यांनी बांबूच्या चार खोल्या उभारल्या आहेत. रात्री वीज दोनदा गेली. भ्रमणध्वनीला संपर्क नव्हता. गरम भात, मसूर आणि सुरमईचा झोल होता, आणि वाढणाऱ्या काकूंची भाषा अशी, की हिंदीच्या आत बंगाली आणि बंगालीच्या आत समुद्र. वडिलांविषयी त्या फार बोलल्या नाहीत. सासरे शेवटपर्यंत समुद्रात उतरले नाहीत, एवढेच म्हणाल्या. नदीकाठचे होते ते. गोडे पाणी म्हणजे पाणी, खारे म्हणजे नुसती वाट.

दुसऱ्या दिवशी सकाळी डुंगीने (लाकडी होडीला तिथे डुंगी म्हणतात) आम्ही एलिफंट बीचला गेलो. नावातले हत्ती लाकूडतोडीसाठी मुख्य भूमीवरून आणलेले. ते बेटांमधली खाडी पोहून पार करत. त्यांतला राजन नावाचा पोहणारा हत्ती जगभर प्रसिद्ध झाला आणि २०१६ साली वारला. आज किनाऱ्यावर हत्ती नाहीत, पण पडलेले प्रचंड वृक्ष आहेत. मुळांसकट आडवे, उन्हापावसाने पांढरे झालेले. २००४च्या भूकंपात दक्षिणेकडची जमीन खचली आणि उत्तर अंदमानची वर उचलली गेली. उत्तरेकडे प्रवाळाचे पट्टेच्या पट्टे पाण्याबाहेर येऊन मेले, इकडे झाडांच्या मुळांशी समुद्र आला.

मास्कच्या काचेवर थुंकायचे, बोटाने पसरायचे, खळबळून धुवायचे. म्हणजे वाफ धरत नाही. ही दीक्षा आम्हांला रांचीवाल्या तरुणाने दिली. (छोटा नागपूरहून जंगलकामासाठी आणलेल्या आदिवासींच्या वंशजांना अंदमानात सरसकट 'रांचीवाले' म्हणतात.) मग दातांत नळी धरायची, नाक विसरायचे, आणि तोंडाने श्वास घ्यायचा. जन्मापासूनची सवय मोडायला जेमतेम पाच मिनिटे मिळतात. तरुणाच्या हातात रबरी ट्यूब, आम्ही दोघे ती धरून पालथे, आणि तो पायांनी पाणी कापत आम्हांला ओढत नेणार.

डोके पाण्याखाली गेले आणि पहिल्यांदा जाणवला तो आवाज. वरचा सगळा गलका बंद, आणि स्वतःच्या श्वासाची घरघर, मोठी, निर्लज्ज. तिच्या मागे कुठेतरी सतत चाललेली बारीक तडतड, तव्यावर मोहरी फुटावी तशी. पुष्कळशी तडतड एका जातीच्या कोळंबीच्या नांग्यांची असते, हे आम्ही नंतर वाचले.

आणि प्रवाळ. आमची अडचण अशी, की आम्हांला प्रवाळ ठाऊक होते ते ओठांच्या उपमेतून आणि मंगळाच्या अंगठीतून. ते लाल पोवळे मुख्यत्वे भूमध्य समुद्रातले, निराळ्याच जातीचे. इथे लाल काहीच नव्हते. मोहरीच्या चोथ्यासारखे पिवळे, शेवाळी, तपकिरी, कुठे फिकट जांभळे. मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे गोल, सांबराच्या शिंगांसारखे फाटे, थाळ्यावर थाळा ठेवावा तसे थर. उपमा संपत नव्हत्या आणि एकही बसत नव्हती. त्या प्रत्येक फाट्यावर हजारो सूक्ष्म जीव. त्यांच्या शरीरांत राहणारी त्याहून सूक्ष्म शैवाले त्यांना अन्न आणि रंग देतात. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी अधिक तापले की ही शैवाले निघून जातात आणि उरतो पांढरा सांगाडा. अंदमानात २०१० साली हे मोठ्या प्रमाणावर झाले, २०१६ साली पुन्हा. आमच्या खालच्या कित्येक फांद्या करड्या होत्या, शेवाळ चढलेल्या, मेलेल्या. त्यांच्यामधून पोपटमासे फिरत होते, चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडत. त्यांच्या पोटातून जे बाहेर पडते ती बारीक पांढरी वाळू. ज्या किनाऱ्याची छायाचित्रे पत्रकात छापतात, त्यातला बराचसा भाग पोपटमाशांच्या पोटातून गेलेला असतो. हे पत्रकात छापत नाहीत.

''वो देखो, निमो!'' तरुण ट्यूबवर थाप मारून म्हणाला. समुद्रफुलाच्या मऊ बोटांत नारिंगी-पांढरा मासा. २००३च्या एका चित्रपटाने त्याला हे नाव दिले आणि ते आता जगातल्या साऱ्या नावाड्यांच्या तोंडी आहे. आम्ही दोघेही एकाच वेळी हसलो, आणि हसले की नळीत पाणी शिरते, हे कोणी सांगितले नव्हते.

पुढचे सारे काही क्षणांत घडले. एकाला ठसका लागला, हात ट्यूबवरून सुटला, आणि शरीराने शतकानुशतकांच्या शहाणपणाने केले ते केले: पाय खाली सोडले, उभे राहायला बघितले. पाणी छातीएवढेच होते. पायाखाली काहीतरी मोडले. आवाज आला नाही. तळपायाला कळले, वाळक्या पापडासारखे.

वर येऊन श्वास घेतल्यावर तरुणाने विचारले, ''किसका पाँव था?'' त्याच्या स्वरात राग नव्हता. कोणाला लागले आहे का, प्रवाळाने कापते, एवढेच त्याला पाहायचे होते. आम्ही दोघांनी एकदमच उत्तर दिले, ''हमारा।''

वर्गात आम्ही 'आम्ही' आणि 'आपण' यांतला भेद उत्साहाने शिकवतो. ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही', सामावणारे 'आपण'. इंग्रजीत नाही, हिंदीतही असा नेमका नाही, वगैरे. 'आम्ही' या सर्वनामाच्या आडोशाला किती सहज उभे राहता येते, हे मात्र त्या दिवशी कळले. एकाला वाचवण्यासाठी दुसऱ्याने घेतलेला तो वाटा होता, की दोघांपैकी कोणीच तो पुरता घेऊ नये अशी सोय होती, यावर परतताना आमचे भांडण झाले. मिटले आहे असे म्हणवत नाही.

तरुणाने बुडी मारली आणि तुकडा वर आणला. वीतभर फाटा, जिवंत. अशा फाट्याला वाढायला काही वर्षे लागतात. आम्ही पाहिला न पाहिला तोच त्याने पुन्हा बुडी मारून तो एका कपारीत खोचला, हलू नये इतका घट्ट. हलला नाही तर कधी कधी तो धरतो, असे तो म्हणाला, आणि ट्यूब पुढे केली.

त्याच रात्री, वीज गेलेली असताना, विजेरीच्या उजेडात सोबत नेलेल्या अंदमानच्या इतिहासात आम्ही पुढील हकीकत वाचली. १९४२च्या मार्चपासून ही बेटे जपानी सैन्याच्या ताब्यात होती. १९४५च्या ऑगस्टमध्ये, शरणागतीला अवघे काही दिवस उरले असताना, अन्न संपत आले होते. पोर्ट ब्लेअरमधून काही शे माणसांना शेतीसाठी नेतो असे सांगून बोटींवर चढवले गेले, आणि हॅवलॉकजवळ रात्री भर समुद्रात ढकलले गेले. पुष्कळ जण बुडाले. जे किनाऱ्याला लागले ते निर्मनुष्य बेटावर उपासमारीने मेले. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच जिवंत सापडले.

कोणत्या किनाऱ्याला लागले, किती नंबरच्या, ते त्या पुस्तकात नव्हते. सकाळी आम्ही यजमानांना विचारले. त्यांनी ऐकले होते, पण वडील आले ते त्यानंतर. तेव्हा इथे कोणीच नव्हते, असे ते म्हणाले. मग जरा थांबून, जमीन साफ करताना काय काय निघाले ते वडिलांनी कधी सांगितले नाही, असेही म्हणाले. आमच्यापैकी ज्याला पोहता येत नाही त्याने त्या दिवशी पाण्यात पाय घातला नाही. दुसरा घालून आला. याबद्दल मात्र भांडण झाले नाही.

नील बेटावरचे दोन दिवस सपाट गेले, चांगल्या अर्थाने. भाजीचे मळे, सायकली, ओहोटीच्या वेळी भरतपूरच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यातून चालणे, आणि त्या वेळी तळ पाहून, वाळू आहे अशी खात्री करून टाकलेले प्रत्येक पाऊल. लक्ष्मणपूरला समुद्राने कोरलेली दगडी कमान आहे. तिला तिथले बंगाली लोक 'हावडा ब्रिज' म्हणतात. कोलकात्याहून एक जहाज पकडून ते इथे आले, आणि जाताना पूल राहिला असेल, तो इथे सापडला.

परतताना विमानतळावर सामान तपासणाऱ्या बाईंनी विचारले, शंख, शिंपले, प्रवाळ काही घेतले आहे का? नेण्यास बंदी आहे.

''नाही,'' आम्ही म्हणालो. बाईंनी आमच्या दोघांच्या चपलांकडे पाहिले, वाळू लागलेल्या, आणि पिशव्या पुढे सरकवल्या.