लढतीचा नारळ

आमच्या मालवणात नारळ दोन प्रकारचे: खायचा आणि लढवायचा. खायचा मोठा, खोबऱ्यानं भरलेला, चटकन फुटणारा. लढवायचा लहान, जड, जाड करवंटीचा. नारळी पौर्णिमेला बंदरावर दर्याला नारळ अर्पण झाला, की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीनं नारळ लढू लागतात. एकानं नारळ मुठीत धरायचा, दुसऱ्यानं आपला त्यावर हाणायचा. ज्याचा फुटला तो हरला, आणि फुटका नारळ जिंकणाऱ्याचा.

आमच्या वाडीतले एक आजोबा यात पट्टीचे. आषाढापासूनच त्यांची निवड सुरू होई. नारळ कानाशी धरून नखानं टिचकी मारायची, हातात तोलायचा, नापसंत असला की ढिगात परत. करवंटीला तीन शिरा असतात. घाव शिरेवर झेलायचा, दोन शिरांमधल्या भागावर नाही, हा त्यांचा मंत्र. धरताना बोटांनी नारळ असा झाकत, की समोरच्याला मारायला जेमतेम टोक दिसे. संध्याकाळी पोतं खांद्यावर टाकून परतले, की वाटेतल्या पोरांना फुटकी वाटी मिळे.

त्यांच्या मागे फिरून मीही शिकलो, दोन-चार पौर्णिमा गाजवल्या आणि नोकरीसाठी मुंबईला आलो. खोड मात्र गेली नाही. दादरच्या बाजारात हात आपोआप जाड करवंटीकडेच जाई. तो नारळ फोडताना घरात कोयता, पाटा आणि माझा उद्धार, तिन्ही कामाला लागत.

अलीकडे बंदरावर बायकांच्याही स्पर्धा होतात. एका वर्षी वहिनी उतरणार म्हटल्यावर मी शिरांचा मंत्र सांगायला बसलो. ती कमरेला पदर खोचत म्हणाली, "भावजी, मी रोज एक फोडतंय. तुमी वर्साक एकदा."

खरंच होतं. कोयत्याच्या पाठीनं दोन ठोके देऊन ती नारळाच्या सरळ दोन वाट्या करायची. कुठे घाव बसला की तो उकलतो, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. त्या दुपारी तिनं नेमकी तीच जागा तळहाताखाली दडवली आणि समोरच्यांचे नारळ एकामागून एक फुटत गेले. आजोबांनी टिचक्या मारून कमावलेली विद्या आमच्या स्वयंपाकघरात रोज वापरात होती. तिला बंदरावर बोलवायला मात्र आम्ही फार उशीर केला.