डाग थंड पाण्यानं जातो

२०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी नात शाळेतून आली ती कोणाशी न बोलता थेट न्हाणीत शिरली आणि आतून कडी लावून बसली. पोर दहावीत, आमच्या गावाहून रोज एस.टी.नं सावद्याला जाते. एरवी आली की आधी दुरडीतली भाकरी शोधते. त्या दिवशी दप्तर ओट्यावर टाकलेलं आणि ओढणी कमरेला गुंडाळलेली. ओढणी बघितली तेव्हाच मी समजले. थोड्या वेळानं बंबाच्या तोटीचा आवाज आला, तशी मी उठले आणि दारावर थाप मारली.

"पोरी, गरम पाणी घेऊ नको! आहे तसं राहू दे. मी येते."

हे लिहावं की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. हे साप्ताहिक आमच्या घरी सगळेच वाचतात, सासरे-जावईसुद्धा. पण पिकावरच्या किडीबद्दल आपण उघड बोलतो, गाईच्या व्याण्याबद्दल बोलतो. मग घरातल्या प्रत्येक बाईला महिन्याच्या महिन्याला जे धुवावं लागतं, त्याबद्दल आपलं तोंड का शिवलेलं? असो.

मी मूळची शिंदखेड्याकडची. माहेरी कोरडवाहू कपाशी, आणि बुराई नदीला पावसाळा सरला की नुसती वाळू. पाण्याची इतकी ओढ की अंघोळीच्या पाण्यात धुणं आणि धुण्याच्या पाण्यात सारवण. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आईनं तिच्या लुगड्याचं जुनेर फाडून चार घड्या करून दिल्या आणि म्हणाली, "कोनले सांगू नको, माय." बस्स, एवढंच. धुवायचं कसं, वाळवायचं कुठं, काही नाही. दिवाळीनंतर आमच्या पुढच्या खोलीत आढ्याला लागेल एवढा कापूस असायचा. तो गाड्या भरून जिनिंगात जायचा, आणि तो वेचणाऱ्या बायका मात्र जुनेरावर भागवायच्या. तेव्हा त्याचं काही वाटत नसे. आता वाटतं.

१९७६ साली लग्न होऊन मी रावेर तालुक्यात आले. इथं केळीच्या बागा, विहिरीवर मोटार, पाणीच पाणी. दुसऱ्याच महिन्यात रुखवतातल्या नव्या पांढऱ्या परकराला मोठा डाग पडला. निकर तर विचारूच नका. सगळ्यांच्या आधी उठून मी चुलीवर हंडाभर पाणी उकळलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि दोन्ही कपडे बुडवून ठेवले. बापाची मातीनं माखलेली धोतरं आम्ही तशीच काढायचो, म्हणून वाटलं हेही निघेल. कुठलं काय! लाल डाग होता तो तपकिरी झाला आणि असा धरून बसला की दगडावर आपटून कापड विरलं पण डाग हलला नाही. शेवटी परकर गुंडाळून मी पेटीच्या तळाशी दडवला.

घड्यांची तर वेगळीच तऱ्हा. त्या गोठ्यात, कडब्याच्या मागं, वरून गोणपाट टाकून वाळत घालायच्या. उन्हाळ्यात वाळायच्या तरी. श्रावणात त्या ओलसरच राहत आणि ओलसरच पुन्हा घ्याव्या लागत. मांड्या सोलवटून निघायच्या, खाज सुटायची, अंगावरून पांढरं जायचं. केळीच्या बागेत दिवसभर वाकून काम करताना काय होत असेल, ते ज्यांनी काढलं आहे त्यांना सांगायला नको.

एक दिवस सासूबाईंच्या हाती तो परकर लागला. त्यांना आम्ही जिजी म्हणायचो. मला वाटलं, आता काही खरं नाही. जिजी या बाबतीत मोठ्या कडक. चार दिवस चुलीपाशी येऊ देत नसत, लोणच्याच्या बरणीवर सावलीही पडू देत नसत. पण त्यांनी परकर उलटा-सुलटा केला, डागावर बोट फिरवलं आणि विचारलं, "उकळला का?"

मी मान हलवली.

"म्हैस व्याल्यावर पहिल्या दिवसाचा चीक वाफेवर ठेवला की त्याचं काय होतं?"

"खरवस."

"मग? तू डागाचा खरवस केला!"

मी रडता रडता हसले. त्या गोष्टीला आता पन्नास वर्षं होत आली, पण यापेक्षा सोपं करून मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. चिकात जशी प्रथिनं असतात तशीच रक्तात. आच लागली की ती थिजतात, घट्ट होतात. चिकाची वडी होते आणि रक्त धाग्याच्या पोटात शिरून तिथंच थिजतं. एकदा थिजलं की साबण त्याला काढू शकत नाही. थंड पाण्यात मात्र ताजं रक्त विरघळून जातं. तेवढंच साधं आहे ते.

जिजींची रीत मी पुढं सुनांना शिकवली, तीच इथं सांगते. कपडा जितक्या लवकर पाण्यात पडेल तितकं बरं. वाळलेल्या डागाला दसपट वेळ लागतो. पाणी माठातलं किंवा विहिरीचं, गार. डाग उलटा धरायचा, म्हणजे पाण्याची धार कापडाच्या मागच्या बाजूनं पडते आणि रक्त आलं त्याच वाटेनं बाहेर जातं. समोरून चोळलं तर ते आत शिरतं आणि पसरतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करायचं. मग बादलीभर गार पाण्यात मूठभर मीठ टाकून कपडा तासभर भिजत ठेवायचा, आणि त्यानंतर साध्या वडीच्या साबणानं हलक्या हातानं धुवायचा. ताज्या डागाला एवढं पुष्कळ झालं.

वाळलेला डाग असेल तर रात्रभर मिठाच्या गार पाण्यात ठेवा, मध्ये एकदा पाणी बदला. हल्ली काही धुण्याच्या पावडरींच्या पुड्यांवर 'एन्झाइम' असं लिहिलेलं असतं. ती प्रथिनं तोडणारी पाचकं असतात, आपल्या पोटात असतात तशी. अशी पावडर गार किंवा अगदी कोमट पाण्यात कालवून कपडा दोन तास ठेवला तर जुना डागही बराच सुटतो. लोकरी आणि रेशमी कपड्याला मात्र ही पावडर लावू नका. लोकर आणि रेशीम ही स्वतःच प्रथिनं, पावडर त्यांनाही खाते. पांढऱ्या सुती कपड्यासाठी आणखी एक उपाय आहे. मेडिकलच्या दुकानात जखम धुवायचं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. ते डागावर टाकलं की फसफसून फेस येतो. पाच-दहा मिनिटांनी गार पाण्यानं धुऊन टाकायचं. रंगीत कपड्याचा रंग त्यानं उडू शकतो, म्हणून आधी शिवणीच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. सगळं करून शेवटी पिवळसर छटा उरते ती रक्तातल्या लोहाची. तिच्यावर लिंबू आणि मीठ लावून थोडा वेळ उन्हात ठेवायचं आणि धुवायचं.

ब्लीचिंग पावडरच्या नादी लागू नका. लोहाचा डाग तिनं उलट तांबूस होऊन बसतो आणि निकरीचं इलॅस्टिक महिन्यात सैल पडतं. आणि ती पावडर लिंबाबरोबर किंवा फरशीच्या ॲसिडबरोबर तर कधीच मिसळू नये, विषारी वायू निघतो.

एक अडचण अलीकडची. आमच्या भागात केळीसाठी उपसून उपसून पाणी खोल गेलं, विहिरीच्या जागी बोअर आल्या. आमच्या बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही आणि त्याची पांढरी साय कपड्यावर बसते, डाग तिच्याखाली झाकला जातो. मी साबणाआधी बादलीत चिमूटभर धुण्याचा सोडा विरघळवून घेते, त्यानं पाणी नरम पडतं. पावसाळ्यात तर सरळ पन्हाळीखाली पिंप ठेवते.

आणि डागाचंच बोलायचं तर आमच्याकडे केळीचा चीक आहे ना! घड कापताना अंगावर उडाला की काळा-तपकिरी डाग पडतो आणि तो काही केल्या जात नाही. म्हणून बागेतले कपडेच वेगळे ठेवावे लागतात. ते घालून आमचे हे बाजारात जातात, चहा पितात, कोणी काही म्हणत नाही. उलट बागायतदाराची ती खूणच. जो डाग जन्मात निघत नाही त्याची कोणाला लाज नाही, आणि जो मिठाच्या पाण्यात तासाभरात निघतो त्याच्यापायी पोरी न्हाणीत कडी लावून बसतात.

माहेरी कापूस वेचताना बायका ओटी बांधतात. एखादीच्या लुगड्याला डाग पडला की ती ओटी गरकन मागं फिरवायची आणि तशीच तास धरायची. दुसऱ्या बायका न बोलता तिच्या मागं चालायच्या, म्हणजे बांधावरच्या गड्यांना दिसू नये. कोणी कोणाला सांगितलेलं नसायचं. ती माया मोठीच होती. पण घरी जाऊन ती बाई डागाचं काय करायची, हे मात्र कोणी कोणाला विचारत नसे.

गोठ्यातलं वाळवणं सुटलं ते गावात येणाऱ्या नर्सबाईंमुळे. मी थोरल्याच्या वेळी दिवसांत होते. अंगावरचे चट्टे बघून त्यांनी जिजींनाच समोर बसवलं आणि सांगितलं, कापड कडक उन्हात पुरतं वाळलं पाहिजे, ओलं कापड म्हणजे जंतूंचं घर. डाग निघाल्यावर ऊन, आधी नाही, कारण उन्हाची आच डागही पक्का करते. जिजींना खरवसाचं शास्त्र ठाऊक होतं, पण उन्हाचं पटायला वेळ लागला. त्यांची अडचण शास्त्राची नव्हतीच, बघणाऱ्यांची होती. शेवटी तोड निघाली. कपडे अंगणातल्या दोरीवर, पण वरून पातळ पसरायचं. ते पातळ आमच्या दोरीवर पुढं चाळीस-पंचेचाळीस वर्षं राहिलं.

मधल्या काळात दुकानात पॅड आले. २०१८ साली सरकारनं अस्मिता योजना काढली तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड मिळायचे. त्याच वर्षी पॅडवरचा जीएसटीही गेला. तरी २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते चोवीस वयाच्या जवळजवळ निम्म्या मुली कापड वापरत असल्याचं आढळलं. काही दोन्ही वापरतात. आणि पॅड असला तरी एस.टी.त दाटीनं उभं राहून यायचं, शाळेत बदलायला नीट जागा नाही, मग डाग पडायचाच. चार ते सहा तासांनी बदललं पाहिजे हे पोरींना ठाऊक असतं, पण बदलायचं कुठं? दर तासा-दोन तासाला बदलावं लागत असेल किंवा आठवडा उलटला तरी थांबत नसेल, तर तो धुण्याचा प्रश्न नाही. तिला डॉक्टरांकडे न्यावं. आपल्या पोरी रक्त कमी होऊनच पांढऱ्या पडलेल्या असतात.

नातीनं कडी काढली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. पांढरी सलवार तिनं बादलीत दाबून धरली होती. नशीब, गरम पाणी अजून ओतलं नव्हतं. मी नळाखाली सलवार उलटी धरली, तर ती म्हणाली, "आजी, मी उद्यापासून शाळेत नाही जात."

त्याच महिन्यात, जुलैत, ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या एका शाळेत भयंकर प्रकार घडला होता. स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना एकत्र बसवून विचारणा केली, पाळी कोणाला आली आहे म्हणून, आणि काहींचे कपडे उतरवून तपासलं. आईबाप खवळून उठले, मुख्याध्यापिकेला अटक झाली. आमच्या घरी टीव्हीवर ती बातमी चालू असताना पोर समोरच बसली होती. मी चॅनेल बदललं होतं. तेव्हा बोलायला हवं होतं, ते मी बोलले नाही. आईचं "कोनले सांगू नको" माझ्याही जिभेवरून गेलेलं नाही, दुसरं काय!

मग न्हाणीतच पाटावर बसून तिला सगळं सांगितलं. परकराचं, खरवसाचं, गोठ्याचंसुद्धा. शाळेत वर्गातल्या दोन पोरींनी तिच्यामागं चालत तिला एस.टी.पर्यंत आणलं होतं. ते ऐकून मला ओटी फिरवणाऱ्या बायका आठवल्या. सलवार मिठात घातली, रात्री साबण लावला, आणि सकाळी बघितलं तर कुठं डाग होता ते पोरीला दाखवता येईना. एक दिवस बुडवला तिनं शाळेचा, दुसऱ्या दिवशी गेली.

त्या सकाळी मी तिची सलवार आणि आतले कपडे अंगणातल्या दोरीवर घातले आणि पातळ काही पसरलं नाही. सूनबाई म्हणाली, "आई, बाबा ओट्यावर बसलेत." म्हटलं, बसू देत.

दुपारी आभाळ भरून आलं. मी मागं शेंगा फोडत होते, पावसाचे थेंब पडायला लागले तशी धावत पुढं आले. तर दोरी रिकामी. ह्यांनी सगळे कपडे काढून आणले होते आणि आत बाजेवर टाकले होते, त्यांचं धोतर, टॉवेल, सलवार, निकर, सगळं एकात एक. घड्या मात्र मलाच घालाव्या लागल्या.